बॅटरी किती उरली?

गेल्या ४ डिसेंबरला, नौदल दिनाचे निमित्त साधून, एका वाहिनीवर ‘द गाझी अ‍ॅटॅक’ हा चित्रपट दाखवत होते, आणि तो पाहायला सहकारनगरातल्या आमच्या घरी बाबांचे एक जुने स्नेही आले होते. काकांनी नौदलातली पहिली वर्षे लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत प्रशिक्षणात आणि पुढची बरीचशी डिझेल पाणबुड्यांच्या इंजिनघरात काढलेली आहेत. त्यामुळे ते पावलोपावली चुका काढतील, अशी माझी अटकळ होती. तसे काही झाले नाही. चहा गार होऊ देत ते शांतपणे पाहत राहिले, आणि पाण्याखालची झुंज ऐन रंगात आली असताना एवढेच म्हणाले, “अगं, केव्हापासून हे खाली आहेत, वेग वाढवतायत, कमी करतायत, पण बॅटरी किती उरली, हे एकानेही विचारलं नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. पाणबुड्यांच्या चित्रपटांवर नेहमी जी टीका होते ती गणवेशावरच्या फिती, दिव्यांचा रंग किंवा पेरिस्कोपमधली चौकट असल्या तपशिलांची असते. काकांचा आक्षेप त्याहून मुळातला होता. डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली ती नसते, म्हणून बुडी मारलेली पाणबुडी केवळ बॅटऱ्यांवर चालते. त्या भरायच्या तर वर यावे लागते, निदान स्नॉर्केलची नळी तरी पाण्याबाहेर काढावी लागते, आणि तेवढा वेळ शत्रूला दिसण्याचा, ऐकू येण्याचा धोका पत्करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची सातव्या प्रकारातली नेहमीची पाणबुडी पृष्ठभागावर सतरा-अठरा नॉट (म्हणजे ताशी तितके सागरी मैल) वेगाने धावू शके, पण पाण्याखाली तिची धाव साडेसात नॉटच्या आसपास संपे; चार नॉटच्या रखडत्या चालीने गेली तरी सुमारे ८० सागरी मैलांत, म्हणजे वीस तासांत, बॅटरी उतरे. त्या काळची पाणबुडी ही खरे तर पृष्ठभागावर राहणारी आणि गरज पडली तरच बुडी मारणारी बोट होती. पाषाण तलावावर टिबुकली पाहिली असेल, तर हे चटकन ध्यानात येईल. आपण तिला बुडी मारणारी म्हणून ओळखतो, पण दिवसाचा पुष्कळसा वेळ ती पाण्यावरच असते.

चित्रपटातल्या पाणबुड्या मात्र खालीच राहतात, आणि खाली राहून एकमेकींशी लढतात. दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीने दुसरीला जाणूनबुजून बुडवल्याचे युद्धातले एकच उदाहरण नोंदलेले आहे. ९ फेब्रुवारी १९४५ रोजी नॉर्वेच्या फेद्ये बेटाजवळ ब्रिटिशांच्या ‘व्हेंचरर’ने जर्मन ‘यू-८६४’ बुडवली. त्यात पाठशिवणीचा थरार म्हणावा असे फारसे काही नाही. कप्तान जेम्स लॉन्डर्सने काही तास निव्वळ कानोसा घेत आणि मधूनच पाण्याबाहेर दिसणाऱ्या नळीकडे पाहत शत्रूच्या नागमोडी चालीचा हिशेब मांडला, ती कोणत्या खोलीवर असेल याचा अंदाज बांधला, आणि ती कुठे वळेल हे धरून चार टॉर्पेडो सोडले. त्यांतला चौथा लागला. त्या जर्मन पाणबुडीवर ७३ माणसे होती. ऐकणे, आकडेमोड आणि वाट पाहणे यांतच सारे तास गेले. पडद्यावर यातले काय दाखवणार, हा प्रश्न दिग्दर्शकालाही पडत असेल, हे मी मान्य करते.

पण ‘गाझी’च्या बाबतीत प्रश्न केवळ रंजनाचा राहत नाही. घटना अशी की, पाकिस्तानची ‘गाझी’ ही मूळची अमेरिकी पाणबुडी, नाव ‘डायब्लो’, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली आणि १९६४ साली पाकिस्तानकडे आलेली. कराचीहून बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचण्याइतका पल्ला त्यांच्या ताफ्यात तिलाच होता, आणि तिचे लक्ष्य होते विमानवाहू ‘विक्रांत’. भारतीय नौदलाने ‘विक्रांत’ अंदमानकडे हलवली आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा भास व्हावा म्हणून ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकडून तसे संदेश पाठवले. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री ‘गाझी’ बंदराच्या तोंडाशी बुडाली. आतल्या ९३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. ‘राजपूत’ने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे, ती बुडाली, असे आपले नौदल सांगते, आतल्या स्फोटामुळे किंवा तिनेच पेरलेल्या सुरुंगामुळे, असे पाकिस्तानी बाजू सांगते. भारतीय पाणबुडीने तिच्याशी पाण्याखाली झुंज दिली, असे मात्र दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. चित्रपटाचा कणा नेमका तोच आहे.

त्यातही एक प्रसंग असा आहे की, शत्रूच्या कप्तानाला डिवचण्यासाठी आपले नौसैनिक पाणबुडीत एकसुरात राष्ट्रगीत गातात. आमच्या घरात त्या वेळी सगळे उठून उभे राहिले, काकाही राहिले. ज्या बोटीत चमचा खाली पडला तरी वरिष्ठ डोळे वटारतात, त्या बोटीत राष्ट्रगीत गाऊन आपला ठावठिकाणा सांगायचा ही कल्पना त्यांना पटली असेल असे नाही, पण त्यावर ते काही बोलले नाहीत.

‘गाझी’च्या आतल्या स्फोटाविषयी जे तर्क मांडले जातात त्यांपैकी एक हायड्रोजनचा आहे. शिशाच्या बॅटऱ्या भरताना हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास गेले की एखादी ठिणगीही पुरते. म्हणूनच बॅटरीच्या कप्प्यातली हवा खेळती ठेवणे हे पाणबुडीतले रोजचे, कंटाळवाणे आणि जीवावर बेतणारे काम असते. हा तर्क खरा ठरो वा न ठरो, चित्रपटाने जी गोष्ट बिनमहत्त्वाची म्हणून गाळली तीच ‘गाझी’च्या अंताबद्दलच्या संशयितांमध्ये उभी आहे, ही गंमत म्हणवत नाही.

काही वर्षांपूर्वी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली ‘आयएनएस कुरसुरा’ मी पाहिली होती. सोव्हिएत बनावटीच्या ज्या चार पाणबुड्या आपण साठच्या दशकाच्या अखेरीस घेतल्या त्यांतली ही एक. दुसरीला थळच्या समुद्रातल्या शिवकालीन जलदुर्गाचे, खांदेरीचे, नाव होते. ‘कुरसुरा’ सुमारे ९१ मीटर लांब आहे, म्हणून बाहेरून ती ऐसपैस वाटते. आत शिरल्यावर एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे तर गोल भोकातून आधी पाय, मग कंबर, मग मान वाकवून डोके असे जावे लागते, आणि तिसऱ्या भोकाशी माझे कपाळ शेकलेच. तिथे पंचाहत्तरएक माणसे राहत. पडद्यावर अधिकारी जिथे हातवारे करत येरझारा घालतात, त्या जागी प्रत्यक्षात दोन माणसांना एकमेकांना ओलांडताना अंग चोरावे लागते. स्वप्नरंजनाला निदान जागा तरी लागते, असे मला त्या दिवशी वाटले.

परक्याचे श्रेय उचलण्याचा प्रकार हॉलिवूडनेही केला आहे. २००० सालच्या ‘यू-५७१’मध्ये अमेरिकी नौसैनिक जर्मन पाणबुडीवर चढून गुप्त संदेशांचे एनिग्मा यंत्र मिळवतात, वास्तविक ‘यू-११०’वरून ते ब्रिटिशांच्या ‘बुलडॉग’ या विनाशिकेने मिळवले ९ मे १९४१ रोजी, जेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. ब्रिटनमध्ये त्यावर एवढा संताप झाला की संसदेत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनाही बोलावे लागले. आपल्याकडे ‘गाझी’बद्दल तसे कोणी रागावले नाही, कारण श्रेय घेणारे आणि ज्यांचे श्रेय गेले ते, दोघेही आपलेच होते. ‘राजपूत’वरच्या माणसांना काय वाटले असेल, हे कोणी विचारले नाही.

‘गाझी’ बुडाली त्याच १९७१ च्या युद्धात पाणबुडीचा एक निर्विवाद, दोन्ही बाजूंनी नोंदवलेला हल्ला झाला, आणि तो आपल्यावर झाला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने ‘खुकरी’ बुडवली. पाणबुडी हुडकून बुडवण्यासाठीच निघालेली ही नौका होती, पण तिच्या सोनारचा, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचे हुडकणाऱ्या यंत्राचा, पल्ला ‘हंगोर’च्या मानाने तोकडा होता. ‘हंगोर’चा पहिला टॉर्पेडो ‘खुकरी’सोबतच्या ‘किरपाण’वर सोडलेला होता, तो फुटला नाही; त्यानंतरचा ‘खुकरी’ला लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. कोणाला किती लांबचे ऐकू येते, यावर त्या रात्रीचा निकाल लागला. ही गोष्ट जशीच्या तशी पडद्यावर आणणारा दिग्दर्शक मला भेटला तर मी त्याच्या तिकिटाच्या रांगेत पहिली उभी राहीन, पण त्यात आपली नौका बुडते, हे टाळता येणार नाही.

वाट पाहणे पडद्यावर दाखवता येत नाही, असे मघाशी म्हटले खरे, पण ‘दास बूट’ आठवला की ते मागे घ्यावे लागते. १९८१ चा हा जर्मन चित्रपट मालिकेच्या रूपातही दाखवला गेला, आणि त्याची ती लांब, जवळपास पाच तासांची आवृत्तीच मला अधिक खरी वाटते. तीत वादळात आठवडेच्या आठवडे हाती काही लागत नाही, पावाला बुरशी येते, दोन संडासांपैकी एकात रसद भरलेली असल्याने पन्नासेक माणसे दुसऱ्यापुढे खोळंबतात, आणि जिब्राल्टरपाशी समुद्राच्या तळाला टेकल्यावर सगळे घाबरतात ते बॅटऱ्या फुटल्या म्हणून. शेवटचा हवाई हल्ला त्यांनी रचलेला आहे; चित्रपटातल्या पाणबुडीला जिचे नाव दिले आहे ती खरी ‘यू-९६’ १९४५ च्या मार्चमध्ये विल्हेल्म्सहाफेन बंदरात बॉम्बने बुडाली. ती सूट मला खटकत नाही.

काकांनी तो पाहिलेला नाही. पुढच्या रविवारपासून रोज एक भाग, असे ठरले आहे. त्यांची अट एकच आहे की हिंदीत केलेली आवृत्ती लावायची नाही. जर्मन त्यांना कळत नाही, पण डबिंगमध्ये डिझेलचा आवाज दबला तर चालणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले आहे.