नुसते ओठ हलव

तक्रार एका पानाची होती. सोबत मोबाइलवरच्या व्हिडिओतून काढलेला एक फोटो. वसई तालुक्यातली एक खाजगी अनुदानित शाळा, प्रजासत्ताकदिनाचा कार्यक्रम, पटांगणात ओळीने उभी मुलं. एका मुलीभोवती लाल पेनाने गोल केला होता. बाकी सगळ्यांचे उजवे हात प्रतिज्ञेसाठी समोर आलेले, हिचे दोन्ही हात खाली. ‘सदर विद्यार्थिनी व तिचा भाऊ राष्ट्रगीत म्हणत नाहीत, प्रतिज्ञा घेत नाहीत, जाणीवपूर्वक राष्ट्राचा अवमान करतात. त्यांना शाळेतून कमी करण्यात यावे.’ खाली सही होती त्या दिवशी पाहुणे म्हणून व्यासपीठावर बसलेल्या एका गृहस्थांची. जिल्हा परिषदेतून कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आला आणि ‘समक्ष भेट देऊन अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन माझ्या टेबलावर. मी शिक्षण विस्तार अधिकारी आहे.

मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, ख्रिस्ती कुटुंब आहे, पण आपल्या इथल्यासारखं नाही. यहोवाचे साक्षीदार म्हणतात त्यांना.” ते ऐकल्याबरोबर मी केरळच्या खटल्याचं निकालपत्र छापून घेतलं आणि फाइलला लावलं.

हा खटला आमच्या खात्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला फार वाटतं. कोट्टायम जिल्ह्यातल्या किडंगूरच्या शाळेत बिजो, बिनूमोल आणि बिंदू इमॅन्युएल ही भावंडं शिकत होती. दहावीत, नववीत आणि पाचवीत. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहायची, गायची मात्र नाहीत. त्यांच्या मोठ्या बहिणी त्याच शाळेतून तशाच वागून शिकून गेल्या होत्या आणि कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. जुलै १९८५ मध्ये एका आमदारांचं लक्ष गेलं. विधानसभेत प्रश्न आला, चौकशी नेमली गेली. चौकशीचा निष्कर्ष असा की मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही. तरीही २६ जुलैला त्यांना शाळेतून काढण्यात आलं. काढलं मुख्याध्यापिकांनी, सूचना होती शाळा उपनिरीक्षकांची. निकालपत्रातल्या या ओळीशी मी दर वेळी थांबते. उपनिरीक्षक म्हणजे जवळपास माझंच पद. चौकशी मुलांच्या बाजूने गेलेली असताना माझ्यासारख्याच कुणीतरी सूचना दिली आणि तीन मुलांची शाळा तुटली. उच्च न्यायालयातही ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं, तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

शाळेत मी परिपाठाच्या आधीच पोचले. मुलं वर्गवार रांगांत उभी राहिली. फोटोतली मुलगी तिच्या आठवीच्या रांगेत दिसेना. मग वऱ्हांड्यात, कार्यालयाच्या दाराशी ती आणि तिचा पाचवीतला भाऊ दिसले. तक्रार आल्यापासून दोघांना तिथे वेगळं उभं करत होते. राष्ट्रगीत सुरू झालं. मुलगी ताठ उभी होती, नजर ध्वजस्तंभाकडे, हात बाजूला. भाऊ एकदा तिच्याकडे पाहायचा, एकदा समोर, पण जागचा हलला नाही. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला ५२ सेकंद लागतात. पटांगणातली पोरं मान वळवून वळवून वऱ्हांड्याकडे पाहत होती. अवमान कशाने होत असेल तर तो या मांडणीने होत होता, असं मी नंतर मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलं. परिपाठात बातम्या वाचण्याची मुलीची पाळी असायची, तीही काढून घेतल्याचं तेव्हाच कळलं.

बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. संस्थेचे अध्यक्ष, तक्रारदार, शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक, मुलीचे वर्गशिक्षक आणि मुलांचे आईवडील. वडील वायरमन. बोलणं खास नगरकडचं. त्यांचे आजोबा मिशनच्या चर्चमध्ये टाळ घेऊन भजनं म्हणायचे. हे स्वतः विशीत साक्षीदार झाले.

तक्रारदारांनी सुरुवातच जोरात केली. “सुप्रीम कोर्टाने थिएटरातसुद्धा राष्ट्रगीत सक्तीचं केलंय, आणि शाळेत सूट?” मी सांगितलं की तो अंतरिम आदेश ३० नोव्हेंबर २०१६ चा. ९ जानेवारी २०१८ ला त्याच न्यायालयाने तो बदलून चित्रपटगृहांना ऐच्छिक केलं. आणि सक्ती होती तेव्हाही ती उभं राहण्याची होती, गाण्याची कुणावरच नव्हती. १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाचा कायदाही काढून वाचला. राष्ट्रगीत म्हणण्यास जाणूनबुजून प्रतिबंध करणं किंवा ते म्हणणाऱ्या समूहात व्यत्यय आणणं, हा गुन्हा. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गप्प उभं राहणं त्यात कुठेही नाही.

मग अध्यक्षांनी जो मुद्दा काढला, तो मला सगळ्यात अवघड वाटत होता. “मॅडम, इथे निम्मं गाव ख्रिस्ती आहे. आमचे हे सर ख्रिस्ती आहेत. सगळे गातात. मग धर्माच्या आड येतं असं हे कुठल्या तोंडाने म्हणतात?”

सगळे वर्गशिक्षकांकडे पाहू लागले. सर वसईतले कॅथलिक. स्काउटचं काम तेच बघतात, ध्वजाची घडी कशी घालायची ते मुलांना तेच शिकवतात. ते सावकाश बोलले. “१५ ऑगस्टला आमच्यात मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. सकाळी मिस्सा होते, आणि मिस्सा संपली की चर्चच्या आवारात झेंडावंदन. लहानपणापासून मला हे दोन वेगळे सण वाटलेच नाहीत. आम्ही मरियेला वंदन करतो, संतांना मान देतो, आराधना मात्र एकट्या देवाची. त्यामुळे झेंड्याला सलाम करताना माझ्या मनात काही अडत नाही. तो मान आहे. यांच्यात मान आणि आराधना यांच्यामध्ये एवढी जागा नाही. मूर्ती नाही, क्रूससुद्धा नाही. सलाम केला की ते त्यांना आराधनेसारखंच वाटतं.” नंतर मुलीच्या वडिलांकडे वळून म्हणाले, “मला तुमचं पटत नाही, भाऊ. येशूनेच सांगितलं, कैसराचं ते कैसराला द्या.”

वडील म्हणाले, “देतो ना सर. कर भरतो. कायदा पाळतो. कुणाशी भांडण नाही, कधी लाच दिली नाही. पण वाक्य तिथे संपत नाही. देवाचं ते देवाला, असं पुढे आहे.”

एकाच बायबलमधली एकच ओळ दोघांच्या तोंडी होती आणि दोघंही मनापासून बोलत होते. मला वाटतं बाहेरून पाहणाऱ्यांची गल्लत इथेच होते. ‘ख्रिस्ती’ म्हटलं की आपण सगळ्यांना एका रांगेत बसवतो आणि एकाला चालतं ते दुसऱ्याला चाललंच पाहिजे असं धरून चालतो. ही ओढाताण ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. रोमी साम्राज्यात बादशहाच्या प्रतिमेपुढे चिमूटभर धूप जाळायला नकार दिला म्हणून पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी मरण पत्करलं. त्यांचाही छळ करणाऱ्यांना वाटत होतं की चिमूटभर धुपाने असं काय होतं.

अध्यक्षांचा मुद्दा केरळ उच्च न्यायालयानेही जवळजवळ असाच मांडला होता. त्यांनी राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला आणि म्हटलं, यात कुठल्याही धर्माला खुपेल असं काही नाही. सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी ती दिशाच चुकीची ठरवली. एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला किंवा भावनेला पटते का, हे न्यायालयाने पाहायचं नाही. ती माणसाने प्रामाणिकपणे, सदसद्विवेकाने धरलेली आहे का, एवढं पाहायचं. मी तो परिच्छेद फाइलमधून काढून मराठीत सांगितला. अध्यक्ष म्हणाले, “प्रामाणिक आहे हे कशावरून?”

याचं उत्तर वर्गशिक्षकांकडूनच आलं. ते सांगायचं नसावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. “मॅडम, व्हिडिओ फिरायला लागल्यावर मी पोरीला बाजूला घेऊन म्हटलं, बाळा, गाऊ नको, पण नुसते ओठ हलव. कुणाला कळणार नाही, विषय मिटेल. ती म्हणाली, सर, मग ते खोटं होईल ना. झेंड्यासमोर खोटं कसं वागू?”

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. तक्रारदार मात्र बधले नाहीत. “दुसऱ्या कुठल्या देशात असं चालवून घेतात का सांगा.” मी अमेरिकेचं उदाहरण दिलं, कारण तिथे आधी चालवून घेतलं नव्हतं. १९४० साली पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल गावच्या दोन साक्षीदार मुलांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी फेटाळला. ध्वजाला सलाम सक्तीचा ठरला. त्यानंतर ठिकठिकाणी साक्षीदारांवर जमावाने हल्ले केले, मुलं शाळांमधून निघाली. तीनच वर्षांत त्या न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला, १४ जून १९४३ ला, ऐन महायुद्धात. आणि ज्या जर्मनीशी ते लढत होते तिथे हिटलरच्या नावाने सलाम करायला नकार देणारे साक्षीदार छळछावण्यांत होते. त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण शिवलेला असे. दोन शत्रुदेशांमध्ये एकच लोक एकाच कारणासाठी नडत होते. यावरून त्यांचा नकार कुठल्या एका देशाविरुद्ध नाही, एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी, असं मी म्हटलं.

मुलीशी मी त्या खोलीत बोलले नाही. एवढ्या मोठ्या माणसांसमोर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची झाडाझडती घ्यायची नव्हती. ग्रंथालयात, तिच्या आईला बरोबर घेऊन बसले. तिने मला दानीएलाच्या पुस्तकातली गोष्ट सांगितली. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने सोन्याची मूर्ती उभारली, वाद्यं वाजली की सगळ्यांनी तिच्यापुढे दंडवत घालायचं असा हुकूम काढला. शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे राजाच्याच चाकरीतले तिघं तरुण उभेच राहिले. “ते राजाचं काम चांगलं करायचे मॅडम. पळून नाही गेले, दंगा नाही केला. फक्त वाकले नाहीत.” मी विचारलं, देशाबद्दल तुला काय वाटतं? तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, “इथलीच आहे ना मी.” तिची एकच मागणी होती. भावाला वऱ्हांड्यात उभं करू नका, मुलं त्याला चिडवतात, तो डबा खात नाही.

मी राष्ट्रगीताला मनापासून उभी राहते. ‘विंध्य हिमाचल’ आलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. म्हणूनच ते कुणाच्या तोंडून दम देऊन वदवून घ्यायचं, ही कल्पना मला सहन होत नाही. घटनेच्या अनुच्छेद ५१क ने राष्ट्रगीताचा आदर करणं हे कर्तव्य सांगितलं आहे आणि आदर त्या मुलीने केलाच होता. उभं राहणं हाच योग्य आदर आहे, असं १९८६ च्या निकालातच म्हटलंय. त्याच घटनेने अनुच्छेद १९ मध्ये अभिव्यक्तीचं आणि २५ मध्ये सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलं. निकालाची शेवटची वाक्यं मी अहवालात जशीच्या तशी उतरवली: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपली राज्यघटना सहिष्णुता आचरते, ती आपण पातळ करू नये.

दुपारी खरा डाव उघडा पडला. शाळेने दोन्ही मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे मसुदे आधीच तयार ठेवले होते. कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलेलं. पालकांनी अशी विनंती केलेलीच नव्हती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे मानसिक त्रासही देता येत नाही. ते मसुदे मी ताब्यात घेऊन अहवालाला जोडले.

शाळेला लेखी सूचना दिल्या. दोन्ही मुलं परिपाठाला आपापल्या वर्गाच्या रांगेत उभी राहतील. राष्ट्रगीत किंवा प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती, ओठ हलवण्याचा आग्रह, वर्गात जाहीर विचारणा यांतलं काही होणार नाही. बातम्या वाचण्याची पाळी मुलीला परत मिळेल. मुलांचा व्हिडिओ पालकांच्या गटातून काढून टाकावा. अध्यक्षांनी विचारलं, “उद्या सगळीच पोरं म्हणाली आम्ही गात नाही, तर?” मी म्हटलं, केरळच्या निकालानंतरही तिथल्या शाळांमध्ये रोज राष्ट्रगीत होतं, आणि पोरं ते गातात.

इतिवृत्तावर अध्यक्षांनी सही केली नाही. ‘सही करण्यास नकार’ असं नोंदवून मी समितीतल्या पालकांच्या सह्या घेतल्या. त्यांतल्या एका बाईंनी सही करताना मुलीच्या आईला विचारलं, पोराला डब्यात काय आवडतं. वर्गशिक्षक फाटकापर्यंत आले. म्हणाले, “यांची समजूत मला आजही चूक वाटते मॅडम. पण तिच्या बातम्या मी उद्याच लावतो.”

अहवाल वर गेला आणि तक्रार निकाली निघाली. तक्रारदारांना तो निर्णय मान्य नव्हता. त्यावर दाद कुठल्या कार्यालयात मागायची, त्याचा पूर्ण पत्ता मीच त्यांना लिहून दिला, आणि सोबत निकालपत्राची एक प्रत.