तैवानला निघण्यापूर्वीची मँडरिन

तैवानमधील शिंचू या शहरात संशोधनासाठी आल्यापासून महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : पीएच.डी.चे सगळे काम इंग्रजीत चालत असेल, तर मँडरिनमध्ये, म्हणजे येथील चिनी भाषेत, वेळ कशाला घालवायचा? प्रश्न रास्त आहे. येथील त्सिंग हुआ आणि यांग मिंग च्याओ तुंग या दोन्ही विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी बरेच आहेत, आणि प्रबंध, शोधनिबंध, मार्गदर्शकांशी होणारी चर्चा हे सारे बहुधा इंग्रजीतच पार पडते. परंतु उपकरणाची वेळ ज्यांच्याकडून मिळवायची ते तंत्रज्ञ, घरमालकीण किंवा दवाखान्यात नाव नोंदवून घेणारी व्यक्ती यांच्याशी इंग्रजीत भागेलच असे नाही. भाषा शिकून यावेच. मात्र कोणत्या देशात जायचे हे आधी ठरवावे आणि मग शिकायला बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण लिपीत आहे. चीनने 1956 पासून चिन्हे सोपी करण्यास आरंभ केला. तैवानने पारंपरिक चिन्हे कायम ठेवली. आपल्याकडचे बहुतेक वर्ग आणि मोबाइलवरील ॲप चीनमधील सोपी चिन्हे शिकवतात, त्यामुळे त्यावर वर्षभर मेहनत घेऊन येथे उतरलेल्या विद्यार्थ्याला बसथांब्यावरची पाटीसुद्धा अनोळखी वाटू शकते. ॲपच्या सेटिंगमध्ये पारंपरिक लिपीचा पर्याय असेल, तर तो पहिल्याच दिवशी निवडावा.

उच्चारांसाठी तैवानमधील मुले रोमन अक्षरे वापरत नाहीत. त्यांना शाळेत प्रथम ‘चू-यिन’ ही 37 चिन्हांची पद्धत शिकवली जाते आणि मोबाइलवर टंकलेखनही बहुतेक लोक तिच्याच आधारे करतात. मराठी माणसाने ती अवश्य शिकावी, कारण तिची मांडणी आपल्या वर्णमालेच्या फार जवळची आहे : ओठांचे वर्ण एकत्र, दातांजवळचे एकत्र, कंठाकडचे एकत्र. आपण कंठापासून ओठांकडे येतो, ते ओठांपासून आरंभ करतात, एवढाच मोठा फरक. पहिली दोन चिन्हे म्हणजे जवळजवळ आपले ‘प’ आणि ओठ पूर्ण मिटून उच्चारलेला ‘फ’. हीच अक्षरे रोमन पद्धतीत ‘बी’ आणि ‘पी’ अशी लिहितात, आणि इंग्रजीच्या सवयीने वाचणारा तेथेच फसतो. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला भेद आपल्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे; तो रोमन अक्षरांमुळे उगाच गमावू नये. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चंद्र’मधला ‘च’ वेगळे उच्चारणाऱ्या आपल्या जिभेला मँडरिनमधील अशाच जोड्याही फारशा जड जात नाहीत. मूर्धन्य उच्चारांची मात्र गंमत आहे. पुस्तक जीभ वळवायला सांगते, आणि येथे रोजच्या बोलण्यात बरेच लोक ती वळवतच नाहीत. ‘श’च्या जागी सर्रास ‘स’ ऐकू येतो. ऐकण्याचा सराव म्हणूनच बीजिंगच्या निवेदकांऐवजी तैवानच्या बातम्या आणि मालिका लावून करावा.

स्वरांच्या चढउतारांत आपल्याला अशी काही सवलत नाही. चार सूर आणि एक हलका सूर, यांना घोटण्यावाचून पर्याय नाही. चहाच्या दुकानात त्याचा प्रत्यय लगेच येतो. काउंटरवरची मुलगी मान वर न करता साखर किती आणि बर्फ किती हे एका दमात विचारते; मागे रांग असते. ‘पान थांग, शाओ पिंग’, म्हणजे निम्मी साखर, कमी बर्फ, एवढे उत्तर द्यायचे असते. यातला ‘थांग’ चढत्या सुरात म्हटला तर साखर, उंच आणि सपाट सुरात म्हटला तर सूप. चहाच्या दुकानात सूप कोणी देत नाही, हे खरे; परंतु औषधांच्या दुकानात संदर्भ इतका उदार असेलच असे नाही. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा अशी तयार वाक्ये सुरांसकट पाठ करावीत. शाकाहारी मंडळींनी जेवणाची वाक्ये आधी घ्यावीत. येथे बौद्ध पद्धतीची शाकाहारी भोजनालये पुष्कळ आहेत, त्यांच्या पाटीवर अनेकदा आपल्यापेक्षा उलट दिशेचे स्वस्तिक असते, आणि काही ठिकाणी ताटाचे वजन करून पैसे घेतात.

कागदपत्रांचे काम भाषेच्या अभ्यासाबरोबरच सुरू करावे, कारण त्याला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. एकमेकांची कागदपत्रे मान्य करण्याविषयीच्या हेग कराराचा तैवान सदस्य नसल्याने केवळ अपोस्टिल, म्हणजे त्या कराराखालील प्रमाणीकरणाचा शिक्का, पुरत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्राची, म्हणजे दूतावासाचे काम पाहणाऱ्या तैवानच्या कार्यालयाची, मोहोरही लागते. दिल्ली आणि चेन्नईनंतर 2024 मध्ये हे केंद्र मुंबईतही उघडले आहे.

परीक्षा द्यायचीच असेल तर चीनची एचएसके नव्हे, तैवानची टॉकफल द्यावी. तिचे चार गट आणि आठ पातळ्या आहेत. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाला तिचे प्रमाणपत्र सहसा लागत नाही, तरीही शिक्षणानंतर येथील सेमीकंडक्टर उद्योगात नोकरी शोधणाऱ्याला ते उपयोगी पडते. हाताशी वर्ष असेल, तर पदवीच्या प्रवेशाआधी तैवानच्या शिक्षण मंत्रालयाच्या ह्वायू शिष्यवृत्तीवर एखाद्या भाषा केंद्रात येण्याचाही विचार करावा. पदवीला प्रवेश घेतल्यानंतर ती शिष्यवृत्ती मिळत नाही.