सोलापुरात गच्चीवरची पालेभाजी: काळी माती, बोअरचं पाणी आणि पिवळी पानं

सोलापुरात पालेभाजी उन्हानं जाते असं सगळे म्हणतात. गच्चीवर सलग तीन हंगाम वाफे केल्यावर माझं मत बदललं. ऊन हे कारण उन्हाळ्यापुरतंच. थंडीतही मेथी-कोथिंबीर वाया जाते, ती मातीनं आणि पाण्यानं.

आधी माती. शेतातली नुसती काळी माती क्रेटमध्ये भरली की पहिल्या पाण्याला फुगते आणि दोन दिवसांत आक्रसते. मग क्रेटच्या कडेनं बोटभर फट पडते, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. खालून पाणी आलेलं दिसतं, त्यामुळे आपल्याला वाटतं भरपूर झालं. काळी माती चार भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत तीन भाग, जाडसर वाळू दोन भाग आणि कोकोपीट एक भाग, शिवाय क्रेटला दोन मुठी निंबोळी पेंड, या मिश्रणात ही फट पडत नाही. क्रेटला आतून गोणपाट लावायचं. क्रेट विटांवर ठेवायचं, म्हणजे स्लॅबची धग मुळांना लागत नाही आणि पाणीही तुंबत नाही. आठ-नऊ इंच खोली पुरते.

पेरणी गणपती झाल्यावर, मोठा पाऊस ओसरला की. दोन बाय दीड फुटाच्या क्रेटला मेथी दोन चहाचे चमचे. फोकून पेरण्यापेक्षा चार-चार बोटांवर ओळी बऱ्या, खुरपता येतं. धणे लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाकी करायचे आणि रात्रभर भिजवायचे. पूड होऊ द्यायची नाही. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तेवढे दिवस ओलं गोणपाट झाकायचं आणि पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पांढरी, लांबुडकी होऊन लोळतात. पालकही भिजवूनच पेरायचा.

आता पाणी. नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून बोअर. बादलीत वाळल्यावर पांढरा थर धरणारं पाणी असेल तर तो थर मातीवरही येतो आणि कोथिंबिरीच्या पानांच्या कडा करपतात. पालक हे पाणी सोसतो, त्याला बोअरचं द्यावं. साठवलेलं नळाचं पाणी मेथी-कोथिंबिरीसाठी राखून ठेवावं, पिंप मात्र झाकलेलं हवं, डास होतात. पंधरवड्यातून एकदा नळाचंच पाणी खालून चांगलं वाहीपर्यंत द्यायचं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

सगळ्यात जास्त फसगत पिवळेपणात होते. कोवळी, वरची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. आपल्या मातीत चुनखडी आहे. लोह मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. अशा वेळी लोक युरिया टाकतात, त्यानं काही साधत नाही. हिराकसही (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) मातीत टाकून उपयोग नाही, चुना ते अडवून ठेवतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड), संध्याकाळी पानांवर फवारायचं, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. नवी पानं हिरवी येतात, जुनी तशीच राहतात. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर मात्र नत्र कमी आहे. मग गांडूळखताचा दोन मुठींचा हात द्यावा.

पालक तीस-पस्तीस दिवसांनी दोन बोटं ठेवून कापायचा, चार-पाच कापण्या मिळतात. पानांत पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी; ती पानं खुडून नष्ट करायची, फवारा आतल्या अळीपर्यंत नीट पोचत नाही. मावा दिसला तर पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून फवारावी.

एक क्रेट करडईला द्याच. पाणी अगदी बेतानं लागतं, जास्त झालं की मूळ कुजतं. महिन्याच्या आत उपटायची, पुढे पानांना काटे धरतात. भाकरीबरोबर ही भाजी आपल्याकडची खरी हिवाळ्याची.

फेब्रुवारी सरता सरता कोथिंबीर फुलावर येऊ लागते, तिच्याशी झगडू नये. ते क्रेट रिकामं करून तांदुळजा आणि अंबाडी लावावी, दुपारपुरती पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी पश्चिमेकडून ओढावी.