मारुती आठशेचं कॉम्प्रेशन परत आलं, हाफ इंजिनचा खर्च वाचला

गेल्या महिन्यात गोव्याहून येताना आमची ९७ ची कार्ब्युरेटरवाली मारुती आठशे केरीपासून चोर्ला घाट चढायलाच तयार नव्हती, सेकंडवर पण दम नाही, कणकुंबीला चहाला थांबलो तर आयडलिंगला आख्खी गाडी थरथरायला लागलेली. तीनच सिलेंडर, त्यातला एक झोपला की लगेच कळतंय बघा.

प्लग, प्लगवायर, कार्ब सगळं करून झालं, काही फरक नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजायचं गेज न लावताच सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन खोलून त्या बदला. मला ते पटेना, कारण सायलेन्सरला निळा धूर नाही, ऑइल पण कमी होत नाही, मग रिंगा गेल्या कशावरून?

म्हणून गेज आणलं. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर काढली आणि धाकट्या भावाला ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरून स्टार्टर मारायला सांगितलं (हे विसरलात तर पुरेशी हवाच आत जात नाही आणि तिन्ही आकडे उगाच कमी येतात). एक नंबर १४८, दोन नंबर ८२, तीन नंबर १४५ पीएसआय. बेळगाव अडीच हजार फुटांवर, इथं हवेचा दाबच समुद्रापेक्षा आठ-नऊ टक्के कमी, त्यामुळं पणजीतल्या कुणाच्या आकड्याशी आपला आकडा जुळवत बसू नका, तीन सिलेंडरमधला फरक बघा.

मग दोन नंबरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघितलं. ८८. रिंगांचा दोष असता तर ऑइलनं फट भरून काटा चांगला वर गेला असता. त्या एका चमच्यानं हाफ इंजिनचा विषय माझ्यापुरता संपला.

टॅपेट कव्हर उघडून गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) बघितला तर दोन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फीलरचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) सगळ्यात पातळ पान पण शिरेना. टॅपेट वाजत नाहीत म्हणून मी दोन वर्षं खूश होतो, आणि खरं दुखणं तिथंच होतं. व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती सीट झिजत जाते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपतो, मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः सीटमधूनच, त्यामुळं तो जळतो. गॅप बरोबर करून पण ९० च्या वर जाईना. शेवटी पंक्चरवाल्या काकांच्या कॉम्प्रेसरवरनं, दोन नंबरचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना वर आणून, गाडी गिअरमध्ये टाकून प्लगच्या भोकातनं हवा सोडली. कार्बला आवाज नाही, ऑइलच्या झाकणाला नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, सायलेन्सरला तळहात धरला तर हवा फुस्स करून लागतेय, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच गळतोय.

हेड (सिलेंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवलं. व्हॉल्व्हच्या कडेला एका जागी उंदरानं भाकरी कुरतडावी तसा खाच, नखाएवढाच, पण तेवढ्यातनं सगळी ताकद निसटत होती.

हेड घेऊन बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेलो. लेथवाल्या मामांनी पट्टी ठेवून फीलरचं ०.०५ मिमीचं पान चारी बाजूंनी आणि तिरकं घालून बघितलं, कुठंच शिरलं नाही. मी तरी फेसिंग (तळ घासून सपाट) करून टाका म्हणालो तर म्हणाले, "सरळ हाय की रे, उगाच कशाला खरवडायचं? सीट बघू पहिला." सीट कट केली, एक्झॉस्टचे तिन्ही व्हॉल्व्ह नवे टाकले.

लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं, मात्र घरी केलं. पेस्ट लावून काठी दोन्ही तळव्यात धरून ताक घुसळतो तशी फिरवायची, मधेमधे उचलून थोडी जागा बदलायची. सुरुवातीला कचकच आवाज येतो, मग हळूहळू मऊ होतो, पुसून बघितलं की सीटवर सगळीकडं सारखा राखाडी पट्टा दिसतो. कुठं तुटलेला दिसला तर परत घासा. नंतर पेस्टचा कण न कण धुवायचा, आणि स्प्रिंग बसवून पोर्टात पेट्रोल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी चेंबर कोरडा!

नवीन गॅस्केट, बोल्ट मधनं बाहेर तीन टप्प्यांत टॉर्क रेंचनं, टायमिंगच्या खुणा दोनदा तपासल्या. परत गेज लावलं: १५०, १४७, १४९. गेजकडं बघून भावानं शिट्टी मारली.

रविवारी केरीपासून घाट तिसऱ्यावर बराच वेळ ओढला, पाऊस असून पण. आता पाचशे किलोमीटर झाले की थंड इंजिनवर टॅपेट परत मोजणार, नवीन सीट बसताना गॅप हलतो. कव्हरच्या कोपऱ्यातनं ऑइल थोडं पाझरतंय, ते गॅस्केट त्याच दिवशी बदलणार.