काकूंची वेबसाइट: कामाची रोजनिशी

सोमवार

कोथरूडमधला घरगुती उद्योग, जिन्नस नऊ: कैरीचं लोणचं, लिंबाचं गोड लोणचं, मिरचीचं लोणचं, मोरावळा, मेतकूट, गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, पोह्याचे पापड. शिवाय दिवाळीत फराळाचा खोका. सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर. डिझाइनच्या वर्गातल्या सवयीने आधी मूडबोर्ड, म्हणजे रंग आणि चित्रांचा फलक, काढायला हात शिवशिवतात, ते मुद्दाम टाळलं. त्याऐवजी काकूंच्या फोनवर आलेले गेल्या दोन महिन्यांतले चौकशीचे मेसेज वाचून काढले. प्रश्न फिरून फिरून तेच. भाव काय? पाव किलो मिळेल का? लसूण आहे का? मुंबईला पाठवता का? किती दिवस टिकतं? ‘आमच्याविषयी’ कुणी एकदाही विचारलेलं नाही.

म्हणजे पहिल्या स्क्रीनवर काय हवं ते ठरलं: जिन्नस, वजन, भाव, आणि आज आहे की संपलंय. उद्योगाची कहाणी तळाला, चार ओळींत. पाच फोटोंचा सरकता बॅनर रद्द. दुसऱ्या फोटोपर्यंत थांबतो कोण? आणि पहिला फोटोच उशिरा उमटला तर पान उघडलेलंच वाटत नाही.

मंगळवार

मजकूर गोळा करायचा दिवस. लेबलं छापणाऱ्याकडून फाइल मिळाली, पण त्यातली अक्षरं जुन्या फॉन्टमधली, युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या संकेतपद्धतीत नसलेली. तिथून उचलून इकडे चिकटवलं की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. कन्व्हर्टर असतात, पण जोडाक्षरांत हमखास घोळ घालतात, आणि तो घोळ शोधत बसण्यापेक्षा नऊ लेबलं हाताने टाइप करणं लवकर होतं.

टाइप करताना लक्षात ठेवायची गोष्ट ‘कैऱ्या’. साधा र, हलन्त आणि य असं ओळीने टाइप केलं तर रफार यवर चढतो आणि ‘कैर्या’ होतं. हवी असते ती चंद्रकोरीसारखी आडवी खूण. तिच्यासाठी एकतर नुक्तावाला ऱ घ्यायचा, नाहीतर र आणि हलन्तानंतर न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, घालायचा. दिसायला दोन्ही सारखंच. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द, एका पद्धतीने लिहिलेला दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. म्हणून पूर्ण साइटवर एकच पद्धत ठेवली, ऱची. फोटो आणि भाव यांची जोडणीही जिन्नसाच्या नावावर न ठेवता क१, क२ अशा खुणांवर ठेवली. नावाचं शुद्धलेखन कुणी उद्या सुधारलं तर फोटो गायब व्हायला नको.

बुधवार

फॉन्ट. मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त, मथळ्यांसाठी तिरो देवनागरी मराठी. तिरोमध्ये ल पाकळीचा आणि श देठाचा, राज्य शासनाच्या वर्णमालेच्या २००९च्या निर्णयात आहे तसा. नुसत्या ‘देवनागरी’ म्हणवणाऱ्या बऱ्याच फॉन्टांत हे दोन्ही हिंदी वळणाचे येतात. काही फॉन्टांत मराठी वळणही दडलेलं असतं, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं सांगितलं तरच ते बाहेर येतं. साइटच्या तयार टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं आणि कुणाचं लक्ष जात नाही.

तिरोला ठळक वजन, म्हणजे जाड अक्षरांचा प्रकार, नाही, फक्त साधं आणि तिरकं. मथळे आपोआप ठळक करायची ब्राउझरची सवय, मग तो स्वतःच अक्षर फुगवतो आणि ‘ष्ट’, ‘क्ष’च्या पोटातल्या फटी बुजतात. मथळ्याचं वजन चारशेवर, म्हणजे साध्यावर, बांधून टाकलं.

टेम्प्लेटमधल्या आणखी दोन गोष्टी मराठीला मारक. एक, अक्षरांमधलं वाढवलेलं अंतर. रोमन कॅपिटलना ते शोभतं, आपली शिरोरेषा मात्र तुटते आणि ‘मेतकूट’ दात पडल्यासारखं दिसतं. तिथे शून्य. दुसरं, ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत. एक पूर्णांक दोन दशांशावर ‘भाजणी’ची वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला टेकते आणि बटणांवर मात्रांचे शेंडे छाटले जातात. मजकुराला एक पूर्णांक सात, मथळ्यांना एक पूर्णांक चार.

फॉन्टची फाइल हलकी करायला फक्त देवनागरीचा तुकडा ठेवला, तर ₹ दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटू लागला, आकड्यापेक्षा बारीक आणि किंचित खाली. हे चिन्ह युनिकोडमध्ये देवनागरीच्या गटात नाहीच, चलनांच्या गटात आहे. तुकडा पाडताना ते आणि मंगळवारचा तो जोडक, दोन्ही हाताने यादीत घालायचे.

गुरुवार

फोटो. काचेची बरणी हा भारी खट्याळ विषय. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग, आणि लाल तेल काळंठिक्कर. जमलं ते असं: सकाळी खिडकीशी टेबल, उजेड बरणीच्या मागून एका बाजूने, समोरच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता. मागून उजेड आला की तेल माणकासारखं दिसतं आणि फोडी वेगळ्या कळतात. बरणीच्या दोन्ही कडांना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळ्या कार्डशीटच्या उभ्या पट्ट्या लावल्या की काचेची कड रेखल्यासारखी उठते, नाहीतर पांढऱ्या पार्श्वभूमीत बरणी विरघळते. फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब टाळायला दोन पावलं मागे सरून दुपटीचा झूम. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस बांधला जातो, मग नऊही फोटो एका जातीचे येतात. त्याआधी बरणी कोरड्या सुती फडक्याने पुसायची, कारण तेलकट बोटांचे ठसे डोळ्यांना दिसत नाहीत, फोटोत दिसतात.

मेतकुटाचा फोटो कितीही काढा, पिवळी माती दिसते. शेवटी गरम भातावर, शेजारी तूप, असा घेतला. भाजणीचं पीठ न दाखवता थालीपीठ दाखवलं, मधल्या भोकासकट.

फोनमधला फोटो ४००० बाय ३०००, तीन-चार एमबीचा. पानावर बाराशे पिक्सेल रुंदी पुरते, वेबपी या हलक्या प्रकारात दीडशे केबीच्या आत बसतो. काकूंकडून जुने फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायचं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप आधीच दाबून पाठवतं आणि आपण दाबलेल्याला पुन्हा दाबतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहून ठेवली. ती नसली की फोटो उमटताना खालचा मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

शुक्रवार

‘भाव बदलायला दर वेळी तुला फोन करू का गं?’ काकूंचा हा प्रश्न संपूर्ण आराखडा बदलून गेला. भाव कोडमध्ये लिहायचे नाहीत. एक गूगल शीट: खूण, नाव, वजन, भाव, स्थिती. शीट वेबवर प्रकाशित करायची, साइट तिथून वाचते. बदल दिसायला काही मिनिटं लागतात, हे काकूंना आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर त्या चारदा बदलतात.

आणि मग मौज. काकूंच्या फोनवर मराठी कीबोर्ड, भाव देवनागरी अंकांत २६०. माणसाला तो दोनशे साठ, जावास्क्रिप्टला, म्हणजे साइटच्या कोडच्या भाषेला, तो आकडाच नाही, एकूण रकमेच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘नॉट अ नंबर’. दिवाळीच्या खोक्याचा भाव त्यांनी इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम घालून 1,200 लिहिला. तिथे पार्सइंट नावाचं फंक्शन स्वल्पविरामाशी थांबतं आणि उत्तर देतं एक. बाराशेचा खोका एका रुपयाला! एरर नाही, लाल रेघ नाही, पान अगदी गुणी दिसतं. ‘नॅन’ परवडला, निदान दिसतो तरी. उपाय एकच छोटं फंक्शन: आधी ₹, स्वल्पविराम आणि मोकळी जागा काढून टाकायची, मग देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करायचे, आणि तरीही आकडा झाला नाही तर भावाऐवजी ‘भाव विचारा’ दाखवायचं. शून्य कधीच नाही.

स्थितीचंही तेच. ‘संपलं’, ‘संपले’, ‘संपलं’पुढे एक मोकळी जागा, कोडच्या लेखी तीन वेगळ्या गोष्टी. तिथे निवडयादी लावली, दोनच पर्याय.

शनिवार

पत्त्याचा फॉर्म. पिनकोडच्या रकान्याला सहा अंकांची अट होती, आणि ४११०३८ देवनागरीत भरलं की ‘पिनकोड चुकीचा’. ग्राहकाचं काहीच चुकलेलं नसतं. कालचंच फंक्शन इथे जोडलं, दहा अंकी मोबाइल नंबरलाही. रकान्याचा प्रकार मात्र आकड्याचा ठेवायचा नाही, मजकुराचाच ठेवून फोनला फक्त अंकांचा कीबोर्ड उघडायला सांगायचं.

ऑर्डरचं बटण व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि मेसेज आधीच लिहिलेला असतो. दुव्यातला नंबर ९१ लावून, अधिकचं चिन्ह आणि शून्य न लावता. मराठी मजकूर दुव्यात घालताना टक्क्याचं चिन्ह (%) असलेल्या सांकेतिक रूपात जातो आणि प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. ‘लोणचं’ हा इवलासा शब्द तिथे पंचेचाळीस अक्षरांचा. म्हणून मेसेज आटोपशीर: खूण, वजन, नग, एकूण, पिनकोड. बटणावर आधी ‘कार्टमध्ये जोडा’ होतं, ते काढून ‘ऑर्डर द्या’ केलं. काकूंच्या गिऱ्हाइकांत कार्ट म्हणणारं कुणी नाही.

पैसे. क्यूआर कोड फोनवरच्या पानावर जवळपास निरुपयोगी, आपलाच स्क्रीन आपल्याच फोनने स्कॅन कसा करणार? फोनवर यूपीआय पत्ता आणि ‘कॉपी करा’, कॉम्प्युटरवर क्यूआर. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेणारी सेवा, सध्या नाही. दोन टक्के शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला तर २६० रुपयांच्या बरणीमागे ६ रुपये १४ पैसे जातात. ते एक वेळ परवडतील, पण गेटवेवाले संपर्क, अटी, गोपनीयता, पोहोच आणि परतावा अशी पानं पाहिल्याशिवाय खातं मंजूर करत नाहीत. त्यातलं परताव्याचं पान आजच लिहून घेतलं, ते गेटवे नसतानाही हवंच: बरणी फुटून आली तर अठ्ठेचाळीस तासांत फोटो पाठवा, नवी पाठवू. चव आवडली नाही, याला परतावा नाही.

रविवार

कुरिअरचा दर. जड माल सरळ असतो, फसवतात ते पापड. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागायचं. तीस बाय तीस बाय पंधराचा पापडांचा खोका: १३,५०० भागिले ५,०००, म्हणजे २.७ किलो. आत पापड जेमतेम आठशे ग्रॅम. काकू आजवर आठशे ग्रॅमचे पैसे घेत आल्या आणि उरलेलं पदरचं घालत आल्या. शीटमध्ये ‘कुरिअरचं वजन’ हा रकाना वाढवला. उंची निम्म्यावर आणून पापड दोन थरांत रचता येतात का, ते उद्या खोकेवाल्याकडे बघायचं.

मंगळवार

प्रत्येक जिन्नसाच्या पानावर नियमाने लागणारं: निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, घटक पदार्थ, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा अंकी क्रमांक. डिझाइनवाले हे राखाडी रंगात, बारीक टायपात तळाशी ढकलतात. पण ‘लसूण आहे का’चं उत्तर याच यादीत आहे! घटक पदार्थ भावाच्या लगेच खाली आणले, आणि लसूण नसलेल्या जिन्नसांवर तसं ठळक लिहिलं.

बुधवार

दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर दिसणारं चित्र आणि दोन ओळी हाच बहुतेकांसाठी दुकानाचा दर्शनी भाग. चित्र १२०० बाय ६३०, जेवढं हलकं तेवढं बरं, जड असलं तर उमटतच नाही. एकदा चुकीचं चित्र गेलं की व्हॉट्सअ‍ॅप तेच लक्षात ठेवतं. दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा लावून पाठवला की नवं येतं.

काकूंच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, पान उघडून पाहिलं. मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत यायला हवं ही गूगलची मोजपट्टी. आलं ते चार सेकंदांनी. दोष फोटोंचा नव्हता. फॉन्टची सहा वजनं मागवली होती, वापरात दोनच. चार काढली, तेव्हा कुठे मर्यादेत आलं.

गुरुवार

हवाली. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, काकूंच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्याच कार्डाने. विद्यार्थ्याच्या खात्यावर घेतलेलं डोमेन पुढच्या वर्षी कुणाच्याच ध्यानात राहत नाही, आणि पहिल्या वर्षीचा स्वस्त दर नूतनीकरणाला नसतो. ती तारीख काकूंनी कालनिर्णयवर लिहिली, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली. शीटचा शॉर्टकट फोनच्या पहिल्या स्क्रीनवर ठेवला.

दुपारी त्यांनी मिरचीचं लोणचं स्वतः ‘संपलं’ केलं. सहा मिनिटांनी साइटवर बटण राखाडी झालं. तेवढ्यात दोन ऑर्डरी येऊन गेल्या होत्या. ‘दोन्ही बरण्या घरातल्यातून देते,’ म्हणाल्या. ऑर्डरचा मेसेज उघडताना साइटने स्थिती पुन्हा एकदा तपासायची, तरी शीटचा उशीर त्यातही राहणारच. शेवटच्या दोन बरण्या उरल्या की ‘संपलं’ करायचं, असं वहीत लिहून दिलं.