कानाचे रांजण आणि आमच्या मंडळीतला रस

डिसेंबर लागला की आगारातले सहकारी हमखास विचारतात, "काय साहेब, 25 तारखेला यायचं ना घरी? केक तर असेलच, पण बाकीचं?" 'बाकीचं' म्हणताना अंगठा तोंडाकडं जातो. त्यांचा तरी काय दोष? हिंदी सिनेमातला ख्रिश्चन म्हणजे डोक्यावर हॅट, गळ्यात क्रॉस आणि हातात बाटली. जालन्यातला ख्रिस्ती माणूस आठवडा-आठवडा न येणाऱ्या नळाची वाट बघत बसतो, हे कोणता सिनेमा दाखवणार? आमच्याकडं नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि चहा. तरी दरवर्षी कोणीतरी आशेनं येतंच.

यंदा मात्र हा प्रश्न व्याह्यांकडून आला, त्यामुळे हसण्यावारी नेता आला नाही. लेकीची सोयरीक वसईच्या कॅथलिक घरात जमली. माणसं मोकळी, बोलायला गोड. बैठकीत मेन्यू, मांडव, बँड सगळं ठरलं आणि चहा पिता पिता व्याही म्हणाले, "रिसेप्शनला टोस्ट तर होणारच. घरची वाईन आहे, आमच्या मिसेसच्या हातची. जालन्याला घेऊन येऊ ना?"

मी म्हणालो, "आमच्या मंडळीत चालत नाही, व्याहीबुवा." मंडळी म्हणजे आमचं प्रॉटेस्टंट चर्च.

"का पण? येशूने पहिला चमत्कार लग्नातच केला ना?"

प्रश्न रास्त आहे. पण आमच्यासारख्या मंडळ्यांत त्याचं जे उत्तर दिलं जातं ते बहुतेक वेळा खोटं असतं. म्हणून हे लिहायला बसलो.

ते उत्तर असं: काना नावाच्या गावातल्या लग्नात येशूनं पाण्याचा जो द्राक्षारस केला तो साधा ताजा रस होता, सरबतासारखा. लहानपणी संडेस्कूलमध्ये आम्हाला हेच सांगितलं. आता बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात काय आहे बघा. दगडाचे सहा रांजण, म्हणजे आजच्या हिशेबानं साधारण 450 ते 700 लिटर. भोजनकारभारी तो चाखतो आणि नवरदेवाला म्हणतो, लोक आधी चांगला द्राक्षारस वाढतात आणि माणसं भरपूर प्यायली की मग हलका काढतात, तू तर उत्तम आतापर्यंत राखून ठेवलास. सरबताबद्दल असं कोण बोलतं? चांगलं सरबत आधी वाढून पाहुण्यांची जीभ जड झाल्यावर पातळ सरबत काढलं, असं कोणत्या लग्नात झालंय?

मला हे पुस्तकापेक्षा जास्त आमच्या स्वयंपाकघरानं शिकवलं. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतात, ते प्रभुभोजन. त्याचा रस करायचं काम मंडळीत माझ्याकडं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं मिळतात, कडवंचीचा माल तर आपल्या दारातला, पण रंगासाठी मी काळी शरद सीडलेस शोधतो. मिठाच्या पाण्यातून धुवायची, देठ काढायचे, पातेल्यात हातानं कुस्करायची. मंद आचेवर ठेवली की साल आपला रंग सोडते. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं, पुन्हा गरम करायचं आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरून झाकण लावायचं. साखर नाही, काही नाही. नाताळात द्राक्षं नसतात, तेव्हा काळ्या मनुका रात्रभर भिजवून हाच खटाटोप. यातला गरम करण्याचा टप्पा कोणी आळसानं गाळला, तर एप्रिलच्या उन्हात दुसऱ्या दिवशी बाटलीत बुडबुडे दिसतात आणि झाकण उघडलं की आमच्या मंडळीतल्या जाणकारांच्या नाकपुड्या हलतात. सालीवरच यीस्ट असतं, त्याला बाहेरून कोणी बोलवावं लागत नाही.

आता हिशोब करा. यरुशलेमेकडं द्राक्षांची काढणी उन्हाळा संपताना, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. येशूचं शेवटचं भोजन ज्या यहुदी सणात झालं तो वल्हांडण येतो मार्च-एप्रिलमध्ये. मधले सहा-सात महिने तो रस न आंबता राहिला कसा? फ्रीज नाही, उकळून बाटलीबंद करण्याची रीत नाही. शेवटच्या भोजनाच्या प्याल्यात आंबलेला द्राक्षारसच होता. न आंबलेला रस प्रभुभोजनाला वापरण्याची सोय झाली ती 1869 मध्ये, अमेरिकेत. थॉमस वेल्च नावाचा एक मेथडिस्ट दंतवैद्य होता. त्यानं पाश्चरची युक्ती वापरून बाटल्या गरम पाण्यात ठेवल्या आणि रस आंबायचा थांबवला. म्हणजे मी पातेल्यावर जे करतो ते त्या दंतवैद्याचं देणं. प्रेषितांपैकी कोणाला ते माहीत नव्हतं.

मग पवित्र शास्त्र काय म्हणतं? पिऊ नका असं सरसकट कुठंच म्हणत नाही. झिंगू नका असं मात्र पुन्हा पुन्हा म्हणतं. नोहानं द्राक्षमळा लावला आणि पहिल्याच फटक्यात तंबूत उघडा पडला. नीतिसूत्रांच्या 23 व्या अध्यायात दारुड्याचं जे वर्णन आहे, लाल डोळे, कारण नसताना जखमा, मार बसला तरी कळत नाही आणि उठल्यावर पुन्हा तीच हवी, ते वाचताना वाटतं लिहिणारा आमच्या बसस्टँडच्या मागच्या बाजूला उभा राहून लिहीत असावा. पण 104 व्या स्तोत्रात माणसाचं मन आनंदित करणारा द्राक्षारस हे देवाचं दानच आहे. करिंथच्या मंडळीत तर लोक प्रभुभोजनालाच पिऊन तर्र व्हायचे. प्रेषित पौल पत्रातून त्यांना झापतो, पण उद्यापासून सरबत वापरा असं सांगत नाही.

आणि पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य! नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं पौलानं त्याला लिहिलं. बाकी शास्त्र पाठ नसलेल्या माणसालाही हे वचन अध्याय-ओवीसकट पाठ असतं. तीमथ्याच्या पोटाचा आजार आमच्याकडं फार जणांना झालेला आहे, आणि तो नेमका पगाराच्या तारखेला उसळतो. एक गोष्ट ही मंडळी सोयीनं विसरतात. यीस्ट ज्या मर्यादेपर्यंत आंबवू शकतं तेवढाच त्या द्राक्षारसाचा जोर, आणि त्या काळी त्यात पाणी घालायची पद्धतही होती. भट्टीतून वाफ काढून केलेली देशी किंवा गूळ-नवसागराची हातभट्टी पौलानं कधी पाहिलीच नाही.

एवढं सगळं कबूल करूनही मी घेत नाही आणि आमच्या रिसेप्शनला घेऊ देणार नाही. कारण शास्त्रात नाही, आमच्या घरात आहे.

आमचे आजोबा प्यायचे. गावकीची कामं, मेलेली ढोरं ओढणं आणि संध्याकाळी दारू. मजुरीतला काही भाग पैशांऐवजी थेट घोटातच मिळायचा, असं आजी सांगायची. बाप्तिस्मा झाला आणि दारू सुटली. गावानं त्यांना ख्रिस्ती म्हणून ओळखलं ते क्रॉस बघून नाही, संध्याकाळी नीट चालताना बघून. जालन्यात धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, स्कॉटलंडच्या मिशनचं काम इथं रुजलं. ती मंडळी आली व्हिस्कीच्या देशातून, हा देवाचा विनोद. तिकडं त्या काळात दारूविरोधी चळवळीही जोरात होत्या. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा तिथल्या स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेशी जोडल्या गेल्या. पण आमच्या आजोबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की ज्या हातानं घोट पाजला जातो तोच हात दुसऱ्या दिवशी ओढत नेतो.

हे फक्त आमचंही नाही. मागच्या गल्लीत बौद्ध वस्ती आहे. 1956 साली बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहेच. वरच्या अंगाला माळकरी. समोर मुसलमान शेजारी, ते मला हटकतात, "भाईसाब, तुम्हारे इंजील में तो पानी की शराब बनी, फिर तुम लोगां कायकू नै पीते?" मी म्हणतो, चाचा, आजोबांनी सोडली म्हणून. त्यांना हे उत्तर पटतं. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पास्टरेट कमिटीतल्या काही जणांना पटत नाही, त्यांना वचनच हवं असतं.

वचन हवंच असेल तर रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय आहे. ज्यानं भावाला अडखळण होतं ते न करणं बरं, मग ते मांस असो की द्राक्षारस. आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. हातभट्टीनं त्यांचं घर, बैलजोडी, दोन एकर सगळं गेलं होतं. आता सुटली आहे. प्रभुभोजनाचा ट्रे फिरतो तेव्हा ते काचेचा छोटा पेला उचलतात, ओठाला लावायच्या आधी नाकाशी धरतात आणि माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो. मग पितात. दर वेळी. या माणसासाठी मी रसाचं पातेलं अर्धा तास जास्त आचेवर ठेवतो, मंडळी म्हणाली चव शिजकट लागते तरी.

कॅथलिकांचा नियम याच्या उलटा. त्यांच्या कायद्यानुसार मिस्साला, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, द्राक्षांची खरीच वाईन लागते. दारूचं व्यसन असलेल्या धर्मगुरूला बिशपच्या परवानगीनं आंबणं जेमतेम सुरू होऊन थांबवलेला रस चालतो, एवढीच सवलत. मी व्याह्यांना म्हणालो, गंमत बघा, तुमच्याकडं वाईन खरी, पण आपल्याकडं बहुतेक चर्चमध्ये ती पितात फक्त फादर, लोकांना भाकर. आमच्याकडं वाईन नाही, पण पेला प्रत्येकाच्या हातात. ते खूप हसले. आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तर 1970 मध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यातले अँग्लिकन खऱ्या द्राक्षारसाचे, मेथडिस्ट बिनआंबवलेल्या रसाचे. साल्व्हेशन आर्मीनं वेगळाच तोडगा काढला, त्यांच्या सैनिकाला, म्हणजे सभासदाला, दारू वर्ज्य आणि प्रभुभोजनाचा विधीच नाही.

मला राग येतो तो पिणाऱ्यांचा नाही. 'आम्ही पीत नाही' असं छाती काढून सांगत मुलाच्या लग्नात गाडी मागणाऱ्यांचा येतो. आणि संभाजीनगरच्या आसपास एमआयडीसीत बिअरच्या कारखान्यात आमची पोरं शिफ्ट करतात, त्यांना प्रार्थनासभेत टोमणे मारणाऱ्यांचा. त्याच पोरांच्या दशांशावर, कमाईतून चर्चला दिलेल्या दहाव्या हिश्शावर, चर्चचे पंखे चालतात. गावातलं दुकान बंद करायचं असेल तर बायांनी सह्या गोळा करून आडवी बाटली करायची सोय आहे, मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी दुकान बंद करायच्या बाजूनं, म्हणजे आडव्या बाटलीला, मत दिलं तर दुकान उठतं. टोमणे मारणाऱ्यांपैकी एकाच्याही घरची बाई अशा रांगेत मला दिसली नाही. उतरतात त्या मजुरीला जाणाऱ्या, सगळ्या जातीधर्मांच्या.

व्याह्यांशी शेवटी ठरलं ते असं. जालन्याच्या रिसेप्शनला टोस्ट होईल, पण माझ्या रसाचा. वसईच्या रिसेप्शनला त्यांची वाईन असेल आणि मी तोंड वाकडं करणार नाही. त्यांच्या घरात ती नासलेली नाही, तिच्यापायी कोणाचं शेत गेलेलं नाही. माझ्या आजोबांचा नियम त्यांच्या टेबलावर लादायचा मला अधिकार नाही. आमच्याकडच्या वऱ्हाडासाठी मी जालन्याहून रस घेऊन जायचा. तारीख मे महिन्यातली, रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, बर्फाचा डबा सकाळपर्यंत टिकेल की नाही याची मला धास्ती. फोनवर तसं बोललो तर व्याही म्हणाले, "काळजी करू नका हो. पोचला तर तुमच्या टेबलावर, वाटेत फसफसला तर आमच्या."