क्विन्सीतलं स्वयंपाकघर आणि १० जुलैचं पत्र

बॉस्टनला लेकीकडे तीन आठवडे होते. म्युझियमं झाली, हार्वर्ड झालं, चार्ल्स नदीकाठी रोज फिरणं झालं. लिहायचंय मात्र क्विन्सीतल्या एका अर्ध्या दिवसाबद्दल.

रेड लाइन मेट्रोने बॉस्टनजवळच्या क्विन्सी सेंटरला उतरलो. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स आणि सहावे जॉन क्विन्सी ॲडम्स, हे बाप-लेक इथले. फ्रँकलिन स्ट्रीटवर दोघांची जन्मघरं शेजारी-शेजारी आहेत, लाकडी, मागच्या बाजूला छप्पर पार खाली उतरलेलं. मुलगा जन्मला त्या घरात त्याच्या आईने, जॉनची बायको ॲबिगेल ॲडम्सने, स्वातंत्र्ययुद्धाची वर्षं काढली. नवरा फिलाडेल्फियाला काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत. इकडे चार मुलं, शेती, आजारपणं आणि टंचाई तिच्या गळ्यात. जून १७७५ मध्ये ती नवऱ्याला कळवते, येताना टाचण्यांचा एक गठ्ठा आणा. साडेसात शिलिंगांना मिळायचा, आता वीस मोजूनही मिळत नाही. मला ही बाई इथेच आपली वाटायला लागली.

आमच्या गटातल्या बहुतेकांना एकच पत्र माहीत होतं, ३१ मार्च १७७६ चं. नवे कायदे करताना बायकांना विसरू नका, असं तिने लिहिलं ते. मोठंच पत्र आहे, वाद नाही. पण फोटो काढून मंडळी पुढे सरकली आणि स्वयंपाकघरात कुणी मिनिटभरही थांबलं नाही, याचा मला राग आला. कारण आदल्या रात्री मी दुसरंच एक पत्र वाचलं होतं.

नवरा-बायकोची मिळून अकराशेच्या वर पत्रं शिल्लक आहेत. घराण्याने सगळी कागदपत्रं १९५६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिली. मायक्रोफिल्मची ६०८ रिळं भरली एवढी! ही पत्रं आता घरबसल्या बघता येतात. लेकीने लॅपटॉपवर १० जुलै १७७७ चं उघडून दिलं.

ॲबिगेल तेव्हा ३२ वर्षांची, दिवस भरत आलेले. रात्री हुडहुडी भरली होती आणि पोटातला जीव गेला असावा, ही धास्ती तिने आदल्या दिवशीच्या, ९ जुलैच्या पत्रात नवऱ्याला कळवली होती. १० तारखेच्या पत्रात ती मध्येच लिहिते की आता पेन खाली ठेवायला हवं, जे चुकवता येत नाही ते सोसायला. आणि सोसून झालं, पेन पुन्हा हातात घेतलंय. पुढे काय, तर तुमच्या पत्रांबद्दल आभार! कळ आली, गेली, आणि पत्र पुढे चालू. मी दोन बाळंतपणं काढली आहेत. त्या ओळीवर माझा हात थांबला.

११ जुलैला मुलगी झाली, मृतच. त्याच दिवशी जॉन क्विन्सीला दहा वर्षं पूर्ण झाली होती. १६ तारखेला ती लिहिते, बाळ छान होतं. या जगात डोळे उघडलेच नाहीत, त्यामुळे नुसतं झोपल्यासारखं दिसत होतं. ही पत्रं वाचून २८ जुलैला जॉनने उत्तर लिहिलं: जिला पाहिलं नाही, कधी पाहणारही नाही, तिच्यावर एवढी माया कशी बसावी?

त्या ठेंगण्या खोलीत, चुलीसमोर उभी राहून मला आमचं साताऱ्याचं माजघर आठवलं. खुंटीला वाकवलेली तार असायची, तिच्यात पोस्टकार्डं ओवलेली. लग्नं, बारशी, पावसापाण्याची खबर, सगळं तारेवर. पण कुणी गेल्याचं कार्ड आलं की वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत. माझ्या आजीची दोन मुलं तान्हेपणीच गेली. माहेरी कार्डं गेलीच असतील. कुणी लिहिली, काय लिहिलं, आजीने दोन शब्द स्वतःचे घातले का, काही हाती लागत नाही. रीत पाळणाऱ्यांना मी काय बोलू? पण ती कार्डं मला हवी होती.

नंतर पेन्स हिलवर चढलो. १७ जून १७७५ ला सात वर्षांच्या जॉन क्विन्सीचा हात धरून ॲबिगेलने इथूनच बंकर हिलच्या लढाईचा धूर पाहिला. तिथे दगडांचं एक स्मारक आहे. वारा फार होता, थांबलो नाही.

परतताना गाडीत लेकीने विचारलं, "पणजीच्या त्या दोन मुलांची नावं काय होती गं?"

मला थोरल्याचंच माहीत होतं.